सांता फे सहल: घर वाचायचं की पळत सुटायचं?

विषय: सांता फे सहल, पहिली सूचना
प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

लाँग वीकेंडची सहल अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फेला नक्की झाली आहे. शनिवारची सकाळ ‘म्याव वुल्फ’ या कलाकारांच्या गटाने उभारलेल्या ‘हाउस ऑफ इटर्नल रिटर्न’साठी (आत शिरून फिरायचं, कोड्यांनी भरलेलं घर), रविवारी जुनं गाव आणि संग्रहालयांची टेकडी, म्युझियम हिल. म्याव वुल्फची तिकिटं ठरावीक वेळेची असतात, त्यामुळे तुमच्या घरचे किती जण येणार ते लवकर कळवा. सोबत लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर तसंही लिहा, म्हणजे गट पाडताना सोपं जाईल.

समितीतर्फे

उत्तर: सांता फे सहल, पहिली सूचना
प्रेषक: एक आजोबा

समितीस सप्रेम नमस्कार.

सूनबाईंनी त्या जागेचे व्हिडिओ दाखवले. रंगीत दिवे, धूर, घसरगुंडीतून बाहेर पडणारी मुलं. नातवंडांना फार आवडेल, यात शंका नाही. पण आम्ही सत्तरी ओलांडलेल्यांनी तिथे काय करावं? तक्रार म्हणून लिहीत नाही, मनापासून विचारतोय. तेवढ्या वेळात आम्ही चार-पाच जण म्युझियम हिलवरचं आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालय पाहिलं तर चालेल का? गुडघ्यांचा प्रश्न आहे, आणि आत रांगत जायच्या वाटा आहेत असं ऐकलं.

आपला,
शालेय शिक्षक (निवृत्त)

उत्तर: उत्तर: सांता फे सहल, पहिली सूचना
प्रेषक: मराठी शाळेची ताई

काका, नमस्कार.

लोककला संग्रहालय जरूर पाहा. तिथला गिरार्ड संग्रह एक लाखाहून जास्त वस्तूंचा आहे, जगभरची खेळणी, बाहुल्या, मातीची गावंच्या गावं. पण ते रविवारी आहेच. शनिवारी तुम्ही आमच्यासोबत यायला हवं, आणि का ते जरा सविस्तर लिहिते. व्हिडिओत दिसतो तो भाग या जागेचा अर्धाच आहे. उरलेला अर्धा तुमच्यासारख्या सवडीने वाचणाऱ्या माणसांसाठी आहे.

आत गेल्यावर आधी लागतं ते घर. एका मोठ्या अंधाऱ्या दालनात जुन्या व्हिक्टोरियन पद्धतीचं दुमजली घर, खऱ्या मापाचं, व्हरांड्यासकट. ते आहे सांता फेत, पण गोष्टीत ते कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो गावातलं आहे. त्यात सेलिग नावाचं कुटुंब राहायचं. घरात काहीतरी विलक्षण घडलं आणि ते लोक नाहीसे झाले. काय घडलं, हे कुणी सांगत नाही. ते घरातल्या वस्तूंवरून आपण लावायचं. बाहेर पत्रपेटी आहे, ती उघडायची. आत डायऱ्या, चिठ्ठ्या, वर्तमानपत्रं, कॉम्प्युटर, मुलांच्या खोल्या, मोठ्यांच्या खोल्या. ड्रॉवर उघडायला, कागद हातात घ्यायला पूर्ण मुभा. एक तिजोरी आहे, तिचा आकडा घरातल्याच कागदांत सापडतो. (ज्यांना माहीत आहे त्यांनी तो कृपा करून या लिस्टवर टाकू नका.)

पुण्याच्या गणपतीत आपण देखावे बघायला जायचो ना, दोरीच्या अलीकडे उभं राहून? इथे दोरी नाही. देखाव्यातल्या कपाटात काय आहे ते तुम्ही स्वतः बघायचं.

आणि मग त्या घराला वाटा फुटतात. स्वयंपाकघरातला फ्रीज उघडला की आत पांढरा लख्ख बोळ दिसतो, चालत पलीकडे जायचं. शेकोटीच्या जागेतून वाकून जाता येतं. कपडे वाळवायच्या मशीनच्या आत घसरगुंडी आहे. पण शेकोटी आणि घसरगुंडी सोडून दिली तरी काही अडत नाही. फ्रीजची वाट ताठ उभं राहून चालायची आहे, तुमच्या गुडघ्यांना तिचा त्रास होऊ नये. पलीकडे सुमारे 70 खोल्या: चमकणाऱ्या झाडांचं रान, एका प्रचंड प्राण्याचा सांगाडा ज्याच्या बरगड्या वाजवल्या की सूर उमटतात, प्रकाशाच्या तारांची वीणा जिच्यात हात घातला की आवाज होतो, आणि काळ्या-पांढऱ्या रेघांची एक खोली जी कागदावर काढल्यासारखी सपाट दिसते.

हे कुणी केलं, तेही सांगते, कारण मला त्याचं फार मोल वाटतं. 2008 साली सांता फेतले काही तरुण कलाकार एकत्र आले. गावात गॅलऱ्या पुष्कळ, पण या मुलांच्या कामाला तिथे जागा नव्हती. त्यांनी टोपीत शब्दांच्या चिठ्ठ्या टाकल्या, दोन काढल्या, आणि ‘म्याव वुल्फ’ हे नाव पडलं. 2011 मध्ये त्यांनी आत शिरून फिरता येईल असं एक मोठं जहाज उभारलं. पुढे गावातलं बंद पडलेलं बोलिंग सेंटर सांता फेचेच रहिवासी असलेले लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी विकत घेऊन त्यांना भाड्याने दिलं, आणि मार्च 2016 मध्ये हे घर उघडलं. शंभराहून जास्त कलाकारांचे हात त्याला लागले आहेत. म्हणून प्रत्येक खोली वेगळ्या माणसाची वाटते. काही खोल्या मला अजिबात भावल्या नाहीत. एखादी अशी की तिथून पाय निघत नाही.

माझं मत असं: आलेल्यांपैकी बहुतेक लोक पाच मिनिटांत फ्रीजमधून पळतात, घर वाचतच नाहीत, आणि बाहेर येऊन म्हणतात की मस्त होतं पण कशाचा कशाला संबंध नव्हता. संबंध आहे. तो घरातल्या कागदांत आहे, आणि तुम्ही ते कागद वाचाल याची मला खात्री आहे.

ताई

उत्तर: कोड्यांबद्दल
प्रेषक: दोन शाळकरी मुलांचा बाबा

ताई, छान लिहिलंत. एक शंका. आमची मुलं एस्केप रूमची वेडी आहेत. साठ मिनिटांत बाहेर पडायचं, घड्याळ भिंतीवर, सुटलं नाही तर हरलो, अशी त्यांना सवय. इथे किती वेळात सुटतं? आणि शेवटी बक्षीस किंवा दार उघडणं असं काही आहे का? मुलांना आधीच सांगितलेलं बरं.

उत्तर: उत्तर: कोड्यांबद्दल
प्रेषक: मराठी शाळेची ताई

दादा, हे मुलांना निघायच्या आधीच समजावून सांगा, खरंच.

एस्केप रूम 2007 मध्ये जपानमधल्या क्योतोत सुरू झाली, आणि तेव्हापासून तिचा गाभा तोच आहे: एक बंद खोली, एक वेळ, एक शेवट. या घरात घड्याळ नाही, हरणं नाही, आणि सुटलं अशी घंटाही वाजत नाही. तुम्ही गोष्टीचा जेवढा भाग जुळवाल तेवढा तुमचा. एका भेटीत सगळं जुळत नाही. शेवट शोधत धावणाऱ्या मुलाला तिथे चुकल्यासारखं होतं. त्याच मुलाला ‘या घरातल्या मुलाचं काय झालं ते शोधून काढ’ असं सांगितलं तर तो तासभर एका खोलीत रमतो.

याच मंडळींच्या दुसऱ्या जागा वेगळ्या आहेत. लास वेगासचं ‘ओमेगा मार्ट’ 2021 मध्ये सुरू झालं, ते वरून किराण्याचं दुकान आहे. त्याच वर्षी डेन्व्हरला ‘कन्व्हर्जन्स स्टेशन’ उघडलं. या दोन्ही ठिकाणी कार्ड घेता येतं, ते यंत्राला टेकवत पुढे जायचं आणि गोष्टीचे तुकडे गोळा होत जातात. तुमच्या मुलांना पुढच्या खेपेला डेन्व्हर जास्त आवडेल. मला स्वतःला सांता फेच जवळचं वाटतं, कारण इथे आठवण ठेवायचं काम यंत्राचं नाही, आपलं आहे. एक वही आणि पेन्सिल द्या मुलांना. तारखा, नावं, चिन्हं लिहून घेऊ देत. एकच चिन्ह वेगवेगळ्या खोल्यांत दिसायला लागलं की त्यांचे डोळे कसे होतात ते बघा.

उत्तरं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. आधी दाखवू नका, एवढी एक विनंती.

उत्तर: आवाज आणि दिवे
प्रेषक: सदस्य (खाजगी मेल समितीमार्फत)

नमस्कार. माझ्या मुलाला मोठे आवाज आणि लुकलुकणारे दिवे सहन होत नाहीत. तो घाबरतो, कान झाकून बसून राहतो. पण त्याला कोडी आणि नकाशे प्रचंड आवडतात. त्याला घेऊन यावं की येऊ नये, कळत नाही. कुणाला अनुभव असेल तर लिहा. त्याला सहलीतून एकट्याला वगळावं असं मला वाटत नाही.

उत्तर: उत्तर: आवाज आणि दिवे
प्रेषक: दोन शाळकरी मुलांचा बाबा

नमस्कार, मुलाला वगळायचा प्रश्नच येत नाही. माझ्या भाच्याला हाच त्रास आहे आणि त्याला आम्ही अशाच एका जागी नेलं होतं, तेव्हाचं लिहितो.

पलीकडच्या काही खोल्यांत झगझगणारे दिवे आहेत, तशी सूचना ते लोक स्वतःच देतात. ज्यांना फिट्स येतात त्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. पण घर त्या मानाने शांत. नेहमीच्या घरातले दिवे, नेहमीच्या घरातलं सामान. तुमचा मुलगा पूर्ण वेळ घरातच राहिला तरी त्याचं काही बुडत नाही, कोड्याचा मुख्य ऐवज तिथेच आहे. कान झाकायचे हेडफोन आणा. दिवसाची पहिली वेळ घेऊ, तेव्हा गर्दी कमी. आणि एक मोठं माणूस फक्त त्याच्यासोबत राहील, इतर मुलांची जबाबदारी त्या माणसावर नसेल. भाच्याच्या वेळी आम्ही आधी ठरवलं होतं की त्याने हात दाबला की प्रश्न न विचारता बाहेर यायचं. बाहेर पार्किंगमध्ये हातात फूल धरलेला एक उंच धातूचा रोबो उभा आहे, भाचा असता तर त्याच्या पायाशीच बसला असता. ते ठिकाण ‘थोडं थांबू’ म्हणून आधीच नक्की करून ठेवा.

उत्तर: गट
प्रेषक: एक आजोबा

सर्वांना नमस्कार.

ताईंचं पत्र आम्ही दोघांनी दोनदा वाचलं. आम्ही शनिवारी येतो. माझी एक सूचना आहे, समितीने विचार करावा.

वयाप्रमाणे गट पाडू नका. मुलं एकीकडे, म्हातारे दुसरीकडे असं झालं तर मुलं सगळं शोधतील आणि काहीच वाचणार नाहीत, आम्ही सगळं वाचू आणि फ्रीज उघडतो हे आम्हाला कळणारही नाही. चार-चार जणांचे गट करा, प्रत्येकात किमान एक वाचणारा आणि किमान एक शोधणारा. पहिला पाऊण तास सगळ्यांनी घरातच राहायचं, फ्रीज नंतर. मुलांनी सापडलेला कागद आणून द्यायचा, आम्ही तो मोठ्याने वाचायचा आणि मराठीत सांगायचा. मुलांची इंग्रजी हस्ताक्षरं वाचण्यात माझं आयुष्य गेलं आहे, तेवढं मला नक्की जमेल.

ज्या मुलाला आवाजाचा त्रास होतो त्याच्या आईची हरकत नसेल तर तो आमच्या गटात असू दे. आम्हाला घरातून हलायचं नाहीच. नकाशा त्याने काढायचा, कागद मी वाचायचे. आमची ही सोबत असेल, तिला शब्दकोडी सोडवायची पन्नास वर्षांची सवय आहे.

उत्तर: उत्तर: गट
प्रेषक: सदस्य (खाजगी मेल समितीमार्फत)

काका, हरकत कसली. त्याला विचारलं. त्याने विचारलंय की घराचा तळमजला आणि वरचा मजला एकाच कागदावर काढायचा की दोन. तुम्हीच सांगा, तो थांबलाय.

उत्तर: उत्तर: उत्तर: गट
प्रेषक: सहल समिती

मंडळी,

काकांच्या सूचनेप्रमाणे गट करतोय. प्रत्येकाने आपल्या उत्तरात ‘वाचणार’ किंवा ‘शोधणार’ एवढंच लिहा. शनिवारची सगळ्यात पहिली वेळ मागितली आहे. सांता फे सुमारे 7,000 फूट उंचीवर आहे, तेव्हा पहिल्या दिवशी दम लागला तर थांबत चला, पाणी पीत राहा, आणि रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. विमानाने येणाऱ्यांनी आल्बुकर्कीला उतरा, पुढे साधारण तासाभराचा रस्ता आहे, गाड्यांची सोय आम्ही करतो.

आतापर्यंत शोधणारे भरपूर झालेत. वाचणारे अजून हवे आहेत, शुक्रवारपर्यंत कळवा.

समितीतर्फे

उत्तर: उत्तर: उत्तर: गट
प्रेषक: एक आजोबा

दोन कागद. जिना दोन्हींवर एकाच जागी काढायला सांगा, म्हणजे नंतर एकावर एक ठेवून बघता येतील.