क्लबचं काम, वर्गणी, परदेशी पाहुणे : आपापले अनुभव लिहा

राजारामपुरीची
समोरच्या बिल्डिंगमधली मुलगी रोटरी क्लबच्या युथ एक्स्चेंजवर, म्हणजे परदेशी घरात राहून शिकायला, वर्षभरासाठी ब्राझीलला निघालीय. काल तिची आई ब्लेझर दाखवायला आली आणि मला याच योजनेतनं आमच्याकडे राहिलेली मेक्सिकोची पाहुणी आठवली. १५ ते १९ वयाची ही पोरं, वर्षात दोन-तीन घरं बदलतात. ठेवून घेणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, आपण घरचंच एक माणूस समजून सांभाळायचं. भेटेल त्या देशाच्या मुलाशी बिल्ल्यांची अदलाबदल करून ते ब्लेझरवर लावायची पद्धत, त्यामुळे आमच्या पाहुणीचा ब्लेझर हँगरवर एका बाजूला कलायचा. सुरुवातीला खोलीबाहेरच यायची नाही. एका रविवारी सासूबाईंनी तिला शेजारी बसवून खोबरं भाजायला दिलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. पण तिच्याकडेही वाळल्या मिरच्या भाजून वाटतात, वासानंच खुलली. तांबडा रस्सा वाट्या भरभरून प्यायली. सासूबाई गेल्याचं कळवलं तेव्हा फोनवर "आज्जी, आज्जी" एवढंच म्हणत रडत होती.

रोटरी, लायन्स, बायकांचं इनर व्हील, रोटरीचंच तरुणांचं रोटरॅक्ट, अशा कुठल्याही सेवाभावी क्लबात काम केलं असेल तर लिहा.

उत्तरेश्वरचा
आम्ही रोटरॅक्टवाले. पल्स पोलिओच्या रविवारी बूथ, नंतर घरोघरी. खरी धावपळ कारखान्याच्या तळावर. ऊसतोड टोळ्या पहाटेच फडात जातात, म्हणून खोपटांपाशी अंधारातच पोचायचं. लसीच्या कुप्पीवरच्या खुणेतला आतला चौकोन भोवतीच्या गोलाइतका गडद झाला की ती लस बाद, हे तिथल्या सिस्टरनी बॅटरीच्या उजेडात दाखवलेलं. डोस पाजला की डाव्या करंगळीला मार्कर. एक बाई झोपलेलं पोर पाठीवरनं सोडून आमच्या हातात देऊन मोळ्या बांधायला गेली. केवढा विश्वास! २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या रात्री आमच्या जुन्या ग्रुपवर कुणी झोपलं नाही.

गुजरीतली सून
ताई, रश्श्यात तीळ की खसखस?

राजारामपुरीची
दोन्ही. तीळ जरा जास्त.

खासबाग
नाटकाचा चॅरिटी शो घेतलेले कोण आहेत इथं? आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात प्रयोग, तिकिटांची पुस्तकं वाटून घ्यायची आणि महाद्वार रोडची दुकानं पालथी घालायची. शेठ तिकिटं घेणार, येणार नाहीत. मग पुढच्या रिकाम्या रांगांत बालसंकुलातली अनाथ मुलं बसवायचो. ती सगळ्यात मोठ्यानं हसायची, नटांनासुद्धा जोर यायचा. पैसे स्मरणिकेतनं जास्त सुटतात. मलपृष्ठाची जाहिरात आधी पक्की करा, बाकीचे आपोआप येतात.

उत्तरेश्वरचा
काका, ऑगस्ट २०२४ ला नाट्यगृह जळालं त्या रात्री मी तिथंच उभा होतो.

खासबाग
नको रे भावा. १९१५ ची वास्तू, शाहू महाराजांची. अजून बोलवत नाही.

चिखलीकर
आम्ही घेणाऱ्या बाजूचे, प्रयाग चिखलीचे. २०१९ च्या पुरात आमच्या दारात टेम्पो यायचे. देणाऱ्यांचे उपकार विसरणार नाही. पण आता क्लबवाले वाचतायत म्हणून सांगते, जुन्या कपड्यांचे ढीग नका आणू. भिजून कुजतात, ते उचलायचं कामही आमच्याच बायकांवर. पाणी उतरल्यावर खराटे, घमेली, फिनेल, ब्लीचिंग पावडर लागते. जनावरांना चारा लागतो. आणि सॅनिटरी पॅड, जे मागायला कुणी तोंड उघडत नाही. एका क्लबच्या बायका नुसतं विचारायला आल्या होत्या, काय पाहिजे म्हणून. दुसऱ्या दिवशी तेवढंच घेऊन आल्या. त्या आमच्या अजून हळदीकुंकवाला येतात.

गुजरीतली सून
हे सगळ्या ग्रुपवर पाठवते. 🙏

आयटीआयवाला
एक्स्चेंजचं विचारायचं होतं. भाची दहावीत आहे. वर्ष वाया जातं का?

राजारामपुरीची
बरीच मुलं दहावीनंतर जातात आणि आल्यावर अकरावी करतात. कॉलेजला आधी विचारा. विमान, विमा, व्हिसाचा खर्च आपला असतो. निवड मुलाखतीतनं होते, घरच्यांशीही बोलतात. आणि तिला भाकरी थापता येऊ दे, तिकडं फार कौतुक होतं.

कसबा बावडा
विषय थोडा वेगळा. आईला मोतीबिंदू आहे. लायन्सची शिबिरं असतात ना?

खासबाग
असतात. बीपी, साखर आधी तपासून घ्या, वाढलेली असली तर ऑपरेशन पुढं ढकलतात. चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि आधार कार्ड जवळ ठेवा. सोबत कुणी नसेल तर मला मेसेज करा, मी येतो.