मदत हवी आहे: ओब्रा डिन संपला, आता काय खेळू?

मंडळी, 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा व्हिडिओ गेम नुकताच संपवला आणि आता दुसरं काहीच गोड लागत नाहीये. १८०७ साली एक जहाज रिकामंच परत येतं. त्यावरच्या ६० जणांपैकी कोण कोण होतं आणि कोणाचं काय झालं, हे विम्याच्या निरीक्षकाने शोधायचं. तीन जणांचा निकाल बरोबर लागला की मगच गेम शिक्कामोर्तब करतो, त्यामुळे अंदाजपंचे उत्तरं ठोकून फारसं भागत नाही. कोणाच्या गणवेशावरून, कोणाच्या बोलण्याच्या ढंगावरून माणूस ओळखायचा. मला हेच प्रचंड आवडलं.

त्याआधी 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) हा यानातून अंतराळात फिरायचा गेम खेळलो. दर २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हातात नवं शस्त्र येत नाही, ताकद वाढत नाही, वाढतं ते फक्त आपल्याला कळलेलं. (यान उतरवणं मात्र वैताग आहे, ते गोड मानून घ्या.)

मधे 'एल्डन रिंग'ही सुरू केला. जग अफाट सुंदर, पण त्याच त्याच बॉसकडून (म्हणजे बलाढ्य शत्रूकडून) मार खायचा उत्साह माझ्यात नाही. अर्धवट सोडला.

तर असे गेम सुचवा ज्यात डोकं चालवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. लढाई नसली तर उत्तम, असली तर सोपी हवी. 'डिस्को एलिझियम' बरेच जण सांगतात, पण त्यात स्वतः तर्क लढवावा लागतो की नुसते संवाद निवडायचे? खेळलेल्यांनी सांगा, पण कथा फोडू नका, प्लीज.