मोठ्या फ्लॅटचा मेंटेनन्स लहान फ्लॅटवाल्यांनी का भरायचा?

दुसरा_मजला
पुण्याच्या ट्रेझर पार्क अपार्टमेंटच्या केसमध्ये हायकोर्टाने सांगितलं की मेंटेनन्स घराच्या हिश्श्याप्रमाणे भरायचा, म्हणजे मोठ्या घराला जास्त. परवा इथे एका सभासदाने लिहिलं की या निकालाने मोठं घर घेणाऱ्यांना दंड ठोठावलाय. वॉचमन तोच, जिना तोच, झाडूवाली तीच, मग आम्हीच जास्त का भरायचं? खाली 'सहमत', '+१', 'अगदी अगदी' यांची रांग. वाचून डोक्यात तिडीक गेली. उत्तर तिथेच देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

एक तर २०२५ च्या त्या निकालात हायकोर्टाने नवीन काही लावलेलं नाही. महाराष्ट्राचा अपार्टमेंट ॲक्ट १९७० सालचा आहे. सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याच्या (म्हणजे सामाईक जागेत प्रत्येक घराचा जो वाटा त्याच्या) टक्केवारीने, हे त्याच्या कलम १० मध्येच आहे. ती टक्केवारी डिक्लरेशनमध्ये (अख्ख्या इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र) असते, आपल्या डीड ऑफ अपार्टमेंटमध्ये (आपल्या घराचा दस्त) असते, आणि त्यावर आपण सह्या ठोकल्यात, अंगठे दिलेत, कॅमेऱ्यासमोर फोटो काढून घेतलेत. आता कोर्टाने तेच वाचून दाखवलं तर दंड कसला?

आमच्याकडे वन बीएचकेपासून थ्री बीएचकेपर्यंत सगळं आहे. पहिल्यापासून सगळ्यांना सारखा मेंटेनन्स. का, तर बिल्डरच्या माणसाने सुरुवातीची वर्गणी तशी कापली आणि तोच पायंडा पडला. बाहेरून रंग काढला तेव्हाही सारखे पैसे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं तेव्हाही सारखे. मग एक दिवस मोबाइल टॉवरचं भाडं यायला लागलं. पुढच्याच मीटिंगला थ्री बीएचकेवाले एक काका डिक्लरेशनची झेरॉक्स घेऊन हजर. म्हणे, नफा हिश्श्याप्रमाणे वाटायचा असतो! बरोबर आहे. फक्त त्याच कलमात, त्याच दमात खर्चही लिहिलाय. तेवढी ओळ झेरॉक्समध्ये पुसट आली असावी.

निवांत_निवृत्त
तो '+१' माझाही होता, म्हणून उत्तर देतो.

आमचं घर थ्री बीएचके. राहतो दोघं. मुलगा परदेशी, दोन खोल्या कायम बंद. समोरच्या वन बीएचकेत पाच विद्यार्थी. रात्री दोनला लिफ्ट चालू, दिवसातून आठ वेळा जेवणाचे डबेवाले, पार्सलवाले, टाकी सकाळी नऊला रिकामी. कचऱ्याचा डबा भरतो कोणाचा ते झाडूवालीला विचारा. आणि तुमच्या हिशेबाने आम्ही त्यांच्या दुप्पट भरायचं, कारण आमच्या बंद खोल्यांना क्षेत्रफळ आहे! हा कुठला न्याय?

टॉवरच्या भाड्याबद्दल मला माहीत नाही, आमच्याकडे टॉवर नाही.

दुसरा_मजला
काका, माणसं मोजायची म्हणता? मग दिवाळीत तुमच्याकडे लेकी-सुना-नातवंडं येतील तेव्हा सेक्रेटरीने दारात हजेरीपट घेऊन बसायचं का? घर विकताना तुम्ही बंद खोल्यांचे पैसे सोडून देणार आहात का? रीडेव्हलपमेंटला बिल्डरने विचारलं की सांगा, 'आम्ही दोघंच आहोत, आम्हाला वन बीएचके पुरे.'

मुलुंड_स्लो
पुण्यात अपार्टमेंटलाही 'आमची सोसायटी' म्हणतात आणि मग भांडतात, हे बघून करमणूक होते. आमच्याकडे रजिस्टर्ड सहकारी सोसायटी, तिथे अपार्टमेंट ॲक्ट नाही, मॉडेल बायलॉज, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली. सेवा शुल्क सगळ्यांना समान, विषय संपला. पण तिथेही सगळंच समान नसतं बरं का. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी) पाव टक्का, म्हणजे मोठ्या घराला जास्तच. पाणी नळांच्या संख्येवर. त्यामुळे 'सहकारात सगळे सारखे' हेही अर्धवटच.

खरा अन्याय नॉन ऑक्युपन्सीचा आहे, म्हणजे मालक स्वतः न राहता दुसऱ्याला घर दिलं की लावतात तो आकार, त्यावर कोणी बोलत नाही. सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे २००१ च्या परिपत्रकात आहे, हायकोर्टाने ते उचलून धरलंय. तरी आमची कमिटी वर्षानुवर्षं मनाला येईल तो आकडा लावत होती. शिवाय माझा सख्खा पुतण्या राहतो तरी लावतात, कारण ज्यांना तो माफ आहे त्या कुटुंबाच्या यादीत मुलगा, जावई, नातू सगळे आहेत, पुतण्या नाही. भावाचा मुलगा परका!

तळमजला_जिंदाबाद
विषय निघालाच आहे तर कोणीतरी मला सांगा, तळमजल्यावरच्या माणसाने लिफ्टचे पैसे का भरायचे? माझ्या पायाने मी आजवर त्या डब्यात चढलेलो नाही. देखभालीच्या वार्षिक कराराचे (एएमसी) भरतो, रोप बदलला तेव्हा भरले, आता नवीन लिफ्ट बसवायचीय म्हणून मोठी रक्कम मागतायत. मी काय लिफ्टच्या दारात उभं राहून टाटा करू?

सेक्रेटरी_नाइलाजाने
आला! प्रत्येक एजीएमला (वार्षिक सभेला) एक तळमजला असतोच. साहेब, गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना? तिच्या दुरुस्तीला प्लंबर कसा जातो? कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध प्यायला तुम्ही कसे जाता, उडत?

तळमजला_जिंदाबाद
प्लंबर जिन्याने जातो, कारण लिफ्ट बंद असते. आणि मला मधुमेह आहे, मी मसाला दूध पीत नाही.

मुलुंड_स्लो
बायलॉज वाचा की हो. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी समान, वापर करो वा न करो. स्पष्ट लिहिलंय.

तळमजला_जिंदाबाद
आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. आत्ताच तुम्ही त्यावर हसलात. पाहिजे तेव्हा बायलॉज, नको तेव्हा पुणेकर!

आणि आता माझं ऐका. पावसाळ्यात चेंबर तुंबलं की घाण माझ्या बाथरूममध्ये उलटते. वरच्या सगळ्या मजल्यांची. दर वर्षी. कमिटीकडे गेलो तर म्हणाले, तुमच्या घरातलं आहे, तुम्हीच बघा. स्वतः माणूस लावून उपसून घेतलं. एक रुपया कोणी दिला नाही. वरून येतं ते माझं खासगी, आणि वर जातं ते सामाईक?

पाचवा_मजला_४०१नव्हे
चेंबरचं वाईट आहे, ते कमिटीनेच करायला हवं, मान्य. पण दादा, आमच्याकडे लिफ्ट तीन आठवडे बंद होती तेव्हा सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतं झालं होतं. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी पाचव्यावर चढवलं. का बंद होती? तळमजल्याच्या दोघांनी पैसे अडवले म्हणून कंपनीला चेक गेला नाही. हेच दोघं बाजूच्या मोकळ्या जागेला ग्रिल लावून आत तुळस, मोगरा, झोपाळा करून बसलेत. ती जागा सगळ्यांची. तिचं भाडं मागितलं का कोणी?

तळमजला_जिंदाबाद
माझ्या बागेवर येऊ नका.

पाचवा_मजला_४०१नव्हे
'माझ्या'! बघा, बोलले स्वतःच.

सेक्रेटरी_नाइलाजाने
आमच्याकडेही अशीच बाग आहे. नोटीस दिली तर घरी येऊन ओरडले, 'तुम्ही किती खाल्ले ते बाहेर काढतो.' साधा चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पितो हो मी. वॉचमन आला नाही की पंप मी चालू करतो, रात्री साडेअकराला कोणाच्या तरी पाहुण्याची गाडी मी हलवायला लावतो. राजीनामा दिला तर कोणी घेत नाही.

उंबरठा_वकील
भांडण चालू द्या, फक्त दोन-तीन गोष्टी. अपार्टमेंट ॲक्टमध्ये कलम १८ बघा: सामाईक सोय मी वापरत नाही, किंवा वापरायचा हक्क सोडला, असं म्हणून कोणालाही खर्चातून सुटता येत नाही. घर टाकून निघून गेलात तरी नाही. तळमजल्यालाही हेच. सोसायटी असो की अपार्टमेंट, लिफ्टचे पैसे आहेतच. मात्र चेंबर आणि ड्रेनेज लाइनसुद्धा सामाईकच, तो खर्च एकट्यावर टाकता येत नाही. लेखी मागा.

दुसरं, निवांतकाका, एजीएममध्ये बहुमताने 'सारखाच मेंटेनन्स' असा ठराव करून भागत नाही. टक्केवारी बदलायची तर सगळ्या मालकांची संमती आणि सुधारित डिक्लरेशन लागतं. सगळ्या म्हणजे सगळ्या.

आणि धागाकर्त्यांनीही फार खूष होऊ नये. सोसायटीत एक सभासद एक मत. अपार्टमेंटमध्ये बहुमत मोजतात ते डिक्लरेशनमध्ये मतांसाठी दिलेल्या टक्केवारीने. उद्या थ्री बीएचकेवाले एकत्र आले आणि लॉबीला इटालियन मार्बल लावायचं ठरवलं, तर तुमचा हात वर असून त्याचं वजन कमीच.

दुसरा_मजला
हे तिसरं कृपया आमच्या मीटिंगमध्ये कोणी सांगू नका. त्या काकांकडे झेरॉक्स मशीन घरचंच आहे.

पण ठीक आहे. मत कमी तर कमी, पैसेही त्याच मापाने घ्या. मला तेवढंच हवंय. आज मत कमी आणि पैसे मात्र सारखे, असं चाललंय.

तळमजला_जिंदाबाद
म्हणजे लिफ्टचे पैसे भरायचेच. बरं. वकीलबाई, तुमची फी लिफ्टच्या बिलातून वळती करून घ्या. चेंबरचं पत्र मात्र उद्याच देतो, पोच घेऊन. बागेबद्दल पत्र आलं तर उत्तर द्यायला वेळ मिळेलच असं नाही.

मुलुंड_स्लो
आणि पुतण्या? वकीलबाई, पुतण्याचं काय?

उंबरठा_वकील
यादीत नाही. पण दहा टक्क्यांवर घेतलेले पैसे परत मागता येतील. उपनिबंधकांकडे अर्ज करा.

निवांत_निवृत्त
मी अजूनही म्हणतो, पाच विद्यार्थी आणि दोन म्हातारे यांना पाणी सारखं लागत नाही. कायद्याला ते दिसत नसेल तर कायद्याचे डोळे तपासा. तरी आमचं डीड कपाटातून काढून पाहिलं. आमचं पान गायब आहे, बहुतेक गृहकर्जाच्या वेळी बँकेतच राहिलं. दुय्यम निबंधकांकडे नकलेसाठी अर्ज टाकलाय. नक्कल आली की आकडा बघून ठरवीन. तोपर्यंत सारखाच मेंटेनन्स भरणार, आणि त्या पोरांच्या घरमालकाला पाण्याचं मीटर बसवायला सांगणार.