मदत हवी आहे: घरचे रंग कागदावर टिकत नाहीत

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात सातवीला चित्रकला शिकवतो. शाळा बंद, वर्ग व्हॉट्सॲपवर, आणि निम्म्या पोरांकडे रंगपेटीच नाही. म्हणून म्हटलं, घरातलेच रंग काढा: हळद, गेरू, चुलीची काजळी. हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे पाहून पोरं जाम खूश! एकीने केळीच्या वाळक्या सोपटावर बैलजोडी काढली, माझ्यापेक्षा बरी.

अडचण अशी की हळद उन्हात उडते आणि गेरू नुसतं बोट लावलं तरी निघतो. बाभळीचा डिंक घालून पाहिला, पण जास्त झाला की रंगाला तडे जातात. वाटीभर गेरूला डिंक किती घ्यावा? शिवाय रात्री बल्बखाली काढलेल्या फोटोत सगळंच पिवळं दिसतं, मार्क कशावर देऊ? कोणी केलं असेल तर सांगा.