मदत हवी आहे: इतिहास आणि अभिजात साहित्य घरी एकत्र कसं शिकवता?

मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ चा. दोघांना एकत्र बसवून इतिहास शिकवते आहे. भिंतीवर कागदाची लांब पट्टी लावली, १ सेंटीमीटर म्हणजे १० वर्षं. गीझाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी २६०० च्या सुमाराचा, क्लिओपात्राचा मृत्यू इसवी सनापूर्वी ३० चा. दोघांत अडीच मीटरचं अंतर आणि क्लिओपात्रापासून आपण जेमतेम दोन मीटरवर! मुलं चाटच पडली. (खरं सांगायचं तर मीही.)

घोडं अडलंय ते साहित्यापाशी. 'इलियड' (होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य) पट्टीवर कुठे लावायचं? ट्रॉयचं युद्ध साधारण इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपास मानतात, काव्य मात्र इसवी सनापूर्वी आठव्या शतकातलं. म्हणजे घटना आणि गोष्ट यांत चारेकशे वर्षं. मुलगी विचारते, "मग खरं काय नि रचलेलं काय?" ट्रॉयचे अवशेष तुर्कस्तानात सापडलेत एवढं सांगितलं, पण काव्याचा नायक अकिलीस खरा होता का, यावर मी गप्प.

दुसरं, संक्षिप्त आवृत्ती आधी द्यावी की थेट पूर्ण भाषांतर मोठ्याने वाचावं? संक्षिप्तात नुसतं कथानक उरतं, मजा जाते असं मला वाटतं. पण ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याचं प्रेत रथामागून फरफटत नेतात तो भाग धाकट्यासमोर कसा वाचू? तुम्ही गाळता, की वाचून मग बोलता?

प्रश्नोत्तरं लिहून घेणं आम्ही सोडलंय, त्याचे सल्ले नकोत. वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकत्र शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा.