विविधता दिन झाला की मुलं परत आपापल्या घोळक्यात... रोजच्या तासाला काय करता येईल?

खडूधूळ:
सहावीला शिकवते. वर्गात तीनचार मातृभाषा, वेगवेगळे धर्म, दोन मुलं यंदाच दुसऱ्या देशातून आलीत, एक मुलगी व्हीलचेअरवर. शाळेत दरवर्षी विविधता दिन होतो, पोस्टर, गाणी, वेशभूषा, फोटो, सगळं झोकात, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बघावं तर तेच घोळके नि तेच "इथे नको बसू, जागा धरलीय". नव्या मुलाच्या उच्चारांची नक्कल तर रोजचीच. ओरडलं की गप्प, पाठ फिरली की पुन्हा सुरू. मुख्याध्यापक म्हणतात अजून एक व्याख्यान ठेवू. व्याख्यान नकोय हो मला! तासाला करण्यासारखं काही सांगा. आणि पालकांचंही, कारण निम्मं घरूनच येतं.

मागचा_बाक:
व्याख्यानाने काय होणार, पोरं टाळ्या वाजवून मोकळी. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच सांगून ठेवलंय की नुसतं एका खोलीत बसवून पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा सारखा हवा, काम एकच हवं, ते एकमेकांशिवाय होऊ नये, आणि वरच्या लोकांचा त्याला उघड पाठिंबा हवा.

तुम्हाला 'जिगसॉ' जमेल. एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत काढली ही पद्धत, तिथे गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि रोज खटके उडत होते. समजा ज्वालामुखीचा धडा आहे. पाच-पाच जणांचे गट करा, गट तुम्हीच पाडायचे बरं का, पोरांवर सोडलं की घोळकेच बनतात. मग एकाला उद्रेक का होतो तेवढंच पान, दुसऱ्याला लाव्हा, तिसऱ्याला प्रकार, चौथ्याला नुकसान, पाचव्याला राखेने जमीन सुपीक कशी होते ते. आधी सगळ्या गटांतले लाव्हावाले एकत्र बसून आपला भाग पक्का करतात आणि मग आपापल्या गटात जाऊन शिकवतात. आता लाव्हा त्या नव्या मुलाकडे असेल तर त्याच्या उच्चारांना हसून चालत नाही, कारण लाव्हाचं पान गटात दुसऱ्या कोणाकडे नाहीच, त्याला नीट प्रश्न विचारून माहिती काढून घ्यावीच लागते.

स्पष्टच_बोलतो:
ग्रुपवर्क म्हणजे एक हुशार मूल राबतं आणि बाकीचे नाव लावतात. माझ्या मुलीने असले प्रोजेक्ट बरेच केलेत. वर बाकीच्यांवर चिडते ती वेगळीच, कसली सहिष्णुता नि काय!

मागचा_बाक:
@स्पष्टच_बोलतो ते प्रोजेक्टचं खरंय, पण इथे गटाला मार्क नसतातच. शेवटी सगळ्या धड्यावर चाचणी, ज्याची त्याने द्यायची. दुसऱ्याचं पान मी लिहूच शकत नाही, कारण ते माझ्याकडे नसतं. फक्त महिन्यातून एकदा करून उपयोग नाही, आठवड्यातून दोनतीन तास तरी हवेत.

दुसरा_मजला:
व्हीलचेअरचं वाचलं म्हणून लिहितेय, माझा मुलगाही वापरतो. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणून तो प्रयोगाच्या तासाला लायब्ररीत एकटा बसायचा. मग कसला सारखा दर्जा? तास खाली घ्या, आधी ते करा. आणि प्लीज अशा मुलांना दर कार्यक्रमात उभं करून "तुझ्याबद्दल सांग" म्हणू नका, त्याला त्याच्या क्रिकेटच्या मतांबद्दल विचारलेलं जास्त आवडतं (मतं भयंकर आहेत पण ते असो). नक्कल करणाऱ्याबरोबर हसणाऱ्यांकडेही बघा. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने शाळेतली दादागिरी रोखायला किवा म्हणून कार्यक्रम केलाय, त्यात मुख्य भर बघ्या मुलांवरच आहे, प्रेक्षक नसले की दादागिरीत मजा उरत नाही.

सभेला_कंटाळलेला:
पालकांचं सांगतो. १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने उन्हाळी शिबिरात साधारण अकरा वर्षांच्या मुलांचे दोन गट केले होते, म्हणजे तुमच्या सहावीच्याच वयाचे. स्पर्धा लावल्या तर भांडणं इतकी की झेंडे जाळले. मग एकत्र जेवायला बसवलं तर अन्न फेकाफेकी! पण शिबिराचं पाणी बंद पडलं, ट्रक अडला, हे दोघांनी मिळूनच सोडवावं लागलं, तसं वैर उतरत गेलं. (मुलांना न सांगता केलेला प्रयोग, आज कोणी परवानगी देणार नाही.) म्हणून स्नेहसंमेलनात खुर्च्या जवळ मांडून काही होत नाही, पालकांना कामं द्या. लायब्ररीची पुस्तकं लावणं, मैदानाची डागडुजी, रस्ता ओलांडताना पहारा, जोड्या तुम्ही लावा. आणि सूचना पालकांना कळणाऱ्या भाषांत पाठवा, पोरालाच आईबापांचा दुभाष्या करू नका. स्वतःच्या तक्रारीचं भाषांतर कुठलं पोर खरं करेल?

खडूधूळ:
हे शेवटचं आमच्याकडे सर्रास चालतं, आत्ता लक्षात आलं 😅 सोमवारपासून भूगोलाला जिगसॉ. एकच शंका, नव्या दोघांना वाचायलाच वेळ लागतो, त्यांच्यामुळे गट अडला तर उलट चिडतील ना?

मागचा_बाक:
त्यांची पानं आदल्या दिवशी घरी द्या, चित्रं असलेला भाग द्या. आणि लाव्हावाल्यांच्या बैठकीला दहा मिनिटं जास्त ठेवा, तिथे त्यांची तयारी होते. पहिले दोनतीन तास गोंधळच होणार, मुख्याध्यापकांना तेवढं आधीच सांगून ठेवा.