नुसता टॅग म्हणजे रिलीज नव्हे
"टॅग लावला की गिटहब आपोआप आर्काइव्ह देतं, मग वेगळा टारबॉल कशाला?" हा रिलीजबद्दलच्या चर्चेत आलेला मुद्दा मला पटत नाही. (टॅग म्हणजे गिटमध्ये कोडच्या एका आवृत्तीला दिलेलं नाव; टारबॉल म्हणजे सोर्स कोडची एकत्र बांधलेली, कॉम्प्रेस केलेली फाइल.) त्या आर्काइव्हमध्ये सबमॉड्यूल, म्हणजे आपल्या प्रकल्पात जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरी, येतच नाहीत, त्यांच्या जागी रिकामी फोल्डरं मिळतात. शिवाय गिटचा इतिहास ठेवणारी डॉट-गिट डिरेक्टरी नसते, त्यामुळे बिल्ड स्क्रिप्ट (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणारी) 'गिट डिस्क्राइब' ही टॅग वाचणारी कमांड चालवून आवृत्ती काढत असेल तर तिथेच गाडी अडते. आवृत्ती एका साध्या फाइलमध्ये लिहून टारबॉलमध्ये टाकली की हा प्रश्न सुटतो.

चेकसमबद्दल, म्हणजे फाइल बदललेली नाही ना हे तपासायला तिच्या बाइटवरून काढलेल्या आकड्याबद्दल, या चर्चेत अजून कुणी बोललेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये गिटहबने गिटची नवी आवृत्ती घेतली. तीत बाहेरच्या जीझिप प्रोग्रॅमऐवजी कॉम्प्रेशन गिटच्या आतच होऊ लागलं होतं. आतल्या फायली त्याच, पण आर्काइव्हचे बाइट बदलले आणि जुन्या चेकसमवर विसंबलेले कितीतरी बिल्ड धडाधड पडले. गिटहबला तो बदल मागे घ्यावा लागला. आपण स्वतः अपलोड केलेली फाइल अशी परस्पर बदलत नाही. एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनात घातक कोड लपवल्याच्या २०२४ मधल्या प्रकरणात पेलोड (तो घातक कोड) जागं करणारी एम४ फाइल (बिल्डच्या तयारीत वापरली जाणारी) फक्त टारबॉलमध्ये होती, रिपॉझिटरीत नव्हती, हे खरंच. म्हणून टारबॉल कुणाच्या लॅपटॉपवर न बांधता सीआयमध्ये (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या सर्व्हरवर), थेट टॅगवरून बांधावा. आणि अपलोड करण्याआधी कोऱ्या कंटेनरमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या वातावरणात), नेटवर्क बंद ठेवून, तो उलगडून बिल्ड करून बघाच. ऑटोटूल्स ही बिल्डची साधनं वापरत असाल तर 'मेक डिस्टचेक' ही कमांड यातलं बरंच करून देतं: सोर्स फोल्डर रीड-ओन्ली ठेवून वेगळ्या जागी बिल्ड करतं, टेस्टही चालवतं.